उत्तर: काउंटी हरलेला संघ मन्स्टरमध्ये कसा?

आयर्लंडच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळात ‘काउंटी (जिल्हा) स्पर्धा जिंकेल तोच मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेला जाणार, हरलेल्यांना कसली संधी’ असं म्हणतात, ते सगळीकडे लागू नाही. कॉर्क या काउंटीच्या स्पर्धेत क्लबांबरोबर विभागीय संघही उतरतात. इमोकिली त्यातलाच, पूर्व कॉर्कमधल्या खालच्या श्रेणीच्या क्लबांतले चांगले खेळाडू वेचून केलेला. २०१७ ते २०१९ सलग तीनदा कॉर्कचे विजेते तेच. पण प्रांतीय स्पर्धा फक्त क्लबांची, म्हणून करंडक घ्यायचा आणि घरी बसायचं!

२०२४ मध्ये तर कहरच झाला. काउंटी फायनलमध्ये सार्सफील्ड्स हा क्लब इमोकिलीकडून हरला, तरी इमोकिलीला जाता येत नसल्याने कॉर्कतर्फे मन्स्टरला गेले सार्सफील्ड्सच. तिथे फायनलला समोर बॅलीगनर हा क्लब, २०२१ पासून सलग तीन वर्षांचे विजेते. सार्सफील्ड्सनी त्यांना ३-२० विरुद्ध २-१९ असं हरवलं (आधी गोल, मग गुण; गोलाचे तीन गुण, म्हणजे २९-२५). क्लबचं हे पहिलंच मन्स्टर विजेतेपद, आणि २००९ च्या न्यूटाउनशँड्रम क्लबनंतर कॉर्कला मिळालेलंही पहिलंच. पुढे ऑल-आयर्लंड (देशपातळीच्या) फायनलला डब्लिनच्या ‘ना फियाना’ क्लबने त्यांना अडवलं, ते वेगळं. मला नियम विचित्र वाटतो, पण चुकीचा नाही; अनेक क्लबांतून निवडलेल्या संघाशी एका गावाने का झुंजावं?