मदत हवी आहे: मॉर्फिन चालू असताना आईला हिंडतं-फिरतं कसं ठेवावं?

आईचं वय ६३. स्तनाचा कर्करोग, कंबरेच्या हाडात पसरलाय. उपचार परळला. मॉर्फिन १० मिग्रॅ दर ४ तासांनी लिहून दिलंय, पण ‘सवय लागेल’ म्हणून ती असह्य झाल्यावरच घेते. चार दिवस पोट साफ नाही, इसबगोल देतोय. दिवसभर पडून असते. लालबागला चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. चालवावं का?

प्रतिसाद १
आधी गोळीचं बघा. साध्या मॉर्फिनचा असर जेमतेम ४ तास टिकतो. तो उतरू दिला की दुखणं उसळतं आणि तेवढ्याच गोळीने आवरत नाही. म्हणून घड्याळ लावून द्यायची. आजवर अधूनमधून घेतली असल्याने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा. दुखण्यासाठी सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं, हे आईला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. पहिले काही दिवस झापड येईल, मळमळेल, ते ओसरतं. हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास मंदावला असेल तर पुढची गोळी न देता तातडीने दवाखान्यात न्या.

मधेच कळ आली तर द्यायची जादा मात्रा साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतकी असते, म्हणजे ६० मिग्रॅला १० मिग्रॅ. ती कागदावर लिहून घ्या. अंघोळीच्या अर्धा तास आधी द्यायची का, तेही विचारा. बऱ्याचदा त्यानेच माणूस उठून बसतो.

इसबगोल थांबवा! मॉर्फिनने आतड्याची हालचालच मंदावते. पाणी कमी पडलं तर भुसा आत घट्ट बसतो. आतडं हलवणारं औषध लागतं, बिसाकोडिल किंवा सेन्ना, आणि तेही मॉर्फिन चालू असेपर्यंत रोज. पोट फुगून उलट्या होत असतील तर मात्र रेचक न देता दाखवायला न्या.

प्रतिसाद २
चालवा, पण हाडावर किती भार चालेल हे आधी विचारून. परवानगी मिळाली की गॅलरीत ५ मिनिटं, दिवसातून तीनदा, टोकाला खुर्ची ठेवून. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागली की बसवायचं. दर दोन-तीन दिवसांनी मिनिटभर वाढवा. केमोनंतरच्या गळाठ्यात वेळ कमी करा, बंद नको. बादली उचलणं, कंबरेत पिळणं नको. जिना फक्त तपासणीच्या दिवशी, दर मजल्यावर बसून. लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णांना मुभा आहे, कागद जवळ ठेवा.

पाय लुळे पडले, लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो: त्याच दिवशी इस्पितळ. केमो चालू असताना १००.४ ताप आला तरी तेच. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजत जा, नाहीतर तो झाकला जातो.