गाडीच्या पुढच्या अलॉय चाकांवरची काळपट धूळ, धुतली की परत हजर. काय करावं? (इंदूर)

रामबागकर:
नमस्कार मंडळी. हॅचबॅक आहे, डायमंड कट (तासून चमकवलेले) अलॉय, ब्रेक पुढे डिस्क मागे ड्रम. रोजचं जाणं-येणं रामबाग ते विजय नगर, म्हणजे पलासियापासून पुढे पाय ब्रेकवरच. रविवारी गाडी धुतो, आठवड्याच्या मधेच पुढची दोन्ही चाकं काळपट तपकिरी आणि मागची मात्र जशीच्या तशी. आता तर स्पोकच्या कोपऱ्यात बारीक तांबूस ठिपके बसलेत, शाम्पूने घासघासूनही निघत नाहीत. एका वॉशिंगवाल्याकडे नेली तर त्याने बिनलेबलच्या बाटलीतून काहीतरी मारलं, नाकात झोंबणारा वास, आणि मिनिटभरात रिम चकाचक. बाबा म्हणाले हे अ‍ॅसिड असणार, परत मारू देऊ नकोस. ते खरंच वाईट का? ठिपके कशाने जातील? आणि रिमवर सिरॅमिक कोटिंग (कडक संरक्षक थर) केलं तर ही धूळ थांबते का? अजून एक, डावीकडचं पुढचं चाक उजव्यापेक्षा जास्त काळं होतं, ते चालतं का?

सुदामानगर_काका:
बाबांचं ऐक. ती नुसती रस्त्याची धूळ नाहीये, ब्रेक लावला की पॅड डिस्कवर घासतो आणि दोन्हींची पूड उडते, डिस्क असते बिडाची म्हणजे लोखंडच, आणि पॅडमधे रेझिन, ग्रॅफाइट, धातूचा चुरा असं सगळं. ही पूड गरम असताना रिमच्या क्लिअर कोटवर (वरच्या पारदर्शक थरावर) बसते, मग दव पाऊस लागला की त्यातलं लोखंड गंजतं, तेच तुझे तांबूस ठिपके. शाम्पू मळ काढतो, चिकटून गंजलेलं लोखंड नाही काढत. पुढची चाकं जास्त काळी कारण ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे येतं आणि जास्त काम पुढचे ब्रेक करतात, शिवाय तुझे मागचे ड्रम, त्यांची धूळ ड्रमच्या आतच राहते. सर्व्हिसला ड्रम उघडतात तेव्हा मेकॅनिक पोरगं हवेच्या पाईपने ती पूड उडवतं, त्याला नको म्हणून सांग, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढ म्हणावं, ती छातीत जाते.

आता बाटलीचं. रिम पटकन चमकवणाऱ्या असल्या स्वस्त लिक्विडमधे बरेचदा हायड्रोक्लोरिक नाहीतर फ्लोराईडवालं अ‍ॅसिड असतं. क्लिअर कोट शाबूत असेल तर एखाद वेळी काही दिसणार नाही, पण जिथे दगड लागून टवका उडालाय किंवा फुटपाथला घासलंय तिथून ते आत शिरतं आणि ॲल्युमिनियम पांढरट पडतं. आणि मला रिमपेक्षा जास्त काळजी वाटते ती उघड्या हातांनी ते मारणाऱ्या पोराची. फ्लोराईडवालं अ‍ॅसिड कातडीतून आत जातं, पातळ असेल तर लगेच दुखतही नाही, काही तासांनी दुखायला लागतं आणि तोवर आत हाडापर्यंत इजा पोचलेली असू शकते. पुढच्या वेळी गेलास तर फक्त साधं पाणी-शाम्पू सांग, आणि त्या पोरालाही हे सांग.

मालवी_मेकॅनिक:
भिया, साफसफाई नंतर, आधी ते डावं चाक बघ. दोन्ही बाजूला जवळपास सारखी धूळ पाहिजे. एकच चाक जास्त काळं म्हणजे त्या बाजूचा पॅड डिस्क सोडत नाहीये असं समजून चालायचं. बरेचदा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाईड पिना कोरड्या पडतात नाहीतर गंजतात, विशेष करून पावसाळ्यानंतर, कधी पिस्टनचं रबरी बूट फाटून आत पाणी गेलेलं असतं. घरी बघायचं असेल तर थोडं फिरून ये, शेवटी ब्रेक कमीत कमी वापर, आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात ने, हात लावू नको नुसता जवळ ने, डावीकडे जास्त झळ लागली तर पक्कं. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते का तेही बघ. काम मोठं नाही, पिना काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं पिवळं ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत जाम. त्याच वेळी पॅडची जाडी बघून घे, ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर दोन्ही बाजूचे एकदम बदल, एका बाजूचा कधी नाही.

पलासिया_ड्राइव्ह:
एवढं काय त्यात, आमच्याकडचा ड्रायव्हर डिझेलच्या फडक्याने पुसतो, मस्त चमकतात, डागही निघतात.

डिटेलिंगची_आवड:
@पलासिया_ड्राइव्ह दादा प्लीज बंद करा ते. डांबराचे डाग डिझेलने निघतात हे खरं पण लोखंडाला त्याने काही होत नाही, वर तेलकट थर राहतो आणि त्याच्यावर धूळ अजून बसते, टायरच्या रबरालाही ते चांगलं नाही, आणि फडक्यातून चार थेंब डिस्कवर गेले की पॅड तेल पितो आणि ब्रेक लागत नाही. डांबरासाठी टार रिमूव्हर वेगळा मिळतो, तो फडक्यावर घेऊन फक्त डागावर लावायचा.

@रामबागकर ठिपक्यांसाठी आयर्न रिमूव्हर घ्या, ऑनलाइन मिळतो, लेबलवर पीएच न्यूट्रल (ना अ‍ॅसिड ना अल्कली) आहे का बघा. त्यात थायोग्लायकोलेट असतं, ते लोखंडाला धरतं आणि जांभळं होऊन खाली ओघळतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो येणारच, हातमोजे घाला आणि मोकळ्या जागेत करा. चाक पूर्ण गार पाहिजे आणि सावलीत पाहिजे, मे महिन्यात दुपारी तर करूच नका, लिक्विड वाळलं की त्याचेच डाग पडतात. मी आधी नुसत्या पाण्याच्या जोरात माती काढते, कारण आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापून बसते आणि तिच्याखाली केमिकल पोचतच नाही (ही माती एका बाजूला जास्त साचली तर स्टिअरिंग थरथरतं, लोक उगाच बॅलन्सिंग करून येतात). मग शाम्पू, मग धुवायचं, मग आयर्न रिमूव्हर मारून तीन-चार मिनिटं थांबायचं, मऊ ब्रशने स्पोकमागे, नटांच्या खाचांत आणि आतल्या बाजूला फिरवायचं, आणि भरपूर पाण्याने धुवायचं. जांभळं यायचं थांबेपर्यंत परत एकदा मारलं तरी चालतं. एवढं करूनही खरखरीत लागलं तर क्ले बार (चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), पण तो शेवटी आणि हलक्या हाताने. चाकाची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं ठेवा, बॉडीला ते लागता कामा नये, आणि चाकं बॉडीच्या आधी धुवा म्हणजे उडालेला मळ नंतर निघून जातो.

पाण्याचं पण बघा. बोरिंगचं पाणी जड असतं, रिमवर वाळलं की पांढरे डाग. पुष्कळ जण आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुतात, पाणी वाचतं म्हणून ते चांगलंच आहे, पण त्यात क्षार अजून जास्त असतात, म्हणून शेवटची बादली नर्मदेच्या नळाची घ्या आणि लगेच पुसा.

रामबागकर:
ताई एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. मग हे आयर्न रिमूव्हर दर रविवारी मारायचं का? आणि कोटिंगचं राहिलं.

डिटेलिंगची_आवड:
नाही नाही, दर आठवड्याला साधा कार शाम्पू पुरतो. आयर्न रिमूव्हर दोन-तीन महिन्यांतून एकदा, किंवा हात फिरवल्यावर खरखर लागली तर. वेळच्या वेळी धुतलं तर ठिपके होतच नाहीत, सगळं बिघडतं ते धूळ महिना महिना बसू दिल्याने.

कोटिंगने धूळ यायची थांबत नाही, ती पॅड-डिस्कमधून येते ती येणारच. फक्त रिमला घट्ट धरत नाही, पाण्याच्या फवाऱ्याने बरीचशी निघते. बॉडीचं वॅक्स रिमवर टिकत नाही, ब्रेकच्या उष्णतेने लवकर जातं. मी सिलिकावाला स्प्रे सीलंट लावते, फडक्यावर घेऊन, थेट रिमवर फवारायचा नाही कारण डिस्कवर गेला तर ब्रेक घसरतो. पक्कं सिरॅमिक करायचं असेल तर चाक काढून आतली बाजूही करायची, आधी सगळं लोखंड काढून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, आणि लावल्यावर निदान एक दिवस पाणी नको. दुकानदार चाक न काढता वरवर लावतो म्हणाला तर पैसे घालवू नका, त्यापेक्षा सीलंट बरा.

महूकर:
घाटवाल्यांसाठी एक. मानपूरच्या पुढे गणेश घाट काय किंवा खंडवा रोडचा भेरूघाट काय, खाली उतरताना लोक टॉप गिअरमधे ब्रेक धरून उतरतात. पॅड जळतात, चाकं काळी होतात, आणि ब्रेक फेड झाला, म्हणजे तापून लागेनासा झाला, तर जिवावर बेतू शकतं. खालचा गिअर लावून इंजिनवर उतरा. आणि महेश्वरला पोचलो की लगेच नळी लावून चाकं धुवायची हे नको, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी व्हायची भीती असते. आधी जेवून घ्या, गार होऊ द्या.

लोकमान्यनगर_ईव्ही:
पॅड बदलूनही फरक पडतो. सिरॅमिक पॅडची धूळ कमी आणि फिकट असते. पण चांगले पॅड शिल्लक असताना नुसत्या धुळीसाठी बदलू नका, संपले की विचार करा, आणि तुमच्या मॉडेलसाठी नामांकित कंपनीचाच घ्या, स्वस्त लोकल सिरॅमिक नको. माझी इलेक्ट्रिक आहे, बराचसा वेग मोटरच कमी करते त्यामुळे रिम क्वचितच काळे होतात. युरोपात ही धूळ आता प्रदूषणात मोजतात, युरो ७ (तिथले गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम) मधे ब्रेकच्या बारीक कणांना मर्यादा घातलीये, साध्या पेट्रोल-डिझेल कारला किलोमीटरला ७ मिलिग्रॅम आणि पूर्ण इलेक्ट्रिकला ३. आणि रिमवर दिसते ती आपल्या वाट्याची थोडीशीच, बाकीची हवेत आणि रस्त्यावर जाते.

रामबागकर:
अपडेट देतो. मेकॅनिकदादांचं खरं निघालं, डावीकडची खालची पिन कोरडी ठणठणीत होती, हलतच नव्हती. साफ करून ग्रीस भरलं, पॅड अजून चांगले आहेत. ताईंच्या पद्धतीने चारही रिम धुतले, पुढच्यांतून जांभळं एवढं आलं की आई विचारायला लागली काय सांडलंय. ठिपके गेले. फक्त उजव्या रिमवर काठाला पांढरट वेड्यावाकड्या रेघा आहेत, त्या कशानेच जात नाहीयेत.

डिटेलिंगची_आवड:
त्या रेघा क्लिअर कोटच्या खाली आहेत. डायमंड कटमधे तासलेल्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक थर असतो, खाली रंग नाही, त्याला टवका उडाला की ओल आत शिरून अशी सरकत जाते. वरून कोणतंही केमिकल लावून उपयोग नाही, घासत बसू नका. एक तर लेथवर परत तासून नवीन क्लिअर कोट, पण प्रत्येक वेळी धातू कमी होतो म्हणून ते एखाद-दोनदाच करता येतं, नाहीतर सरळ पावडर कोट करून एकरंगी करा, तो जास्त टिकतो. तोवर त्या जागेला अ‍ॅसिड किंवा कॉस्टिकवाला डिग्रीझर लागू देऊ नका.

मालवी_मेकॅनिक:
चाक काढशील तेव्हा नट ताऱ्याच्या क्रमाने कसायचे, एका मागोमाग एक नाही, आणि मॅन्युअलमधे दिलाय तेवढ्याच टॉर्कने, पान्यावर उभं राहून नाही. ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा परत चेक कर. आणि धुतल्यावर लगेच गाडी हँडब्रेक ओढून उभी करू नको, मागचे ड्रम ओले राहून रात्रभरात चिकटतात. गल्लीत एक चक्कर मार, दोन-चारदा हलके ब्रेक दाब, सुकू दे, मग लाव. सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसला तर घाबरू नको, पहिल्या दोन-तीन ब्रेकमधे जातो.