लेन्सकॅप हरवली तर हरवली! (ज्येष्ठांच्या शिस्तपाठाला उत्तर)

तिरपी_चौकट

नवशिक्यांच्या चुकांवरच्या धाग्यात परवा एका ज्येष्ठ सदस्यांनी ठणकावलं: "ज्याला स्वतःच्या लेन्सची कॅप सांभाळता येत नाही, त्याने फोटोग्राफीच्या गप्पा मारू नयेत. प्रत्येक फोटोनंतर कॅप लागलीच पाहिजे. शिस्त नसेल तर मोबाइल बरा." खाली '+१' आणि 'अगदी अगदी'ची रांग. तिथेच लिहायला बसले होते, पण लांबण लागली म्हणून वेगळा धागा.

प्रत्येक फोटोनंतर कॅप? मी नाटकांचे फोटो काढते. अंधारात बसलेलं पात्र एकदम उठून प्रकाशात येतं आणि तो चेहरा डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतो. तेवढ्यात मी कॅप चिमटीत धरून काढू, खिसा शोधू, की शटर दाबू?

शिवाय ती काढल्यावर ठेवायची कुठे, यावर ज्येष्ठ गप्प आहेत. खिशात ठेवली तर आतल्या बाजूला खिशातला कापूस चिकटतो. उजेडात तिरपी धरून बघा, कडेच्या खाचेत करड्या धाग्यांची गोल वात झालेली असते. तीच कॅप परत लावली की तो कचरा थेट काचेवर. म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली आपणच घाण नेऊन लावतो. दोरीवाली कॅप घेतली तर वाऱ्यात ती लेन्सवर टकटक करत बसते, आणि ट्रायपॉडवर शटर सावकाश असेल तर तेवढ्यानेही फोटो हलतो. पट्ट्यावर अडकवायचं बक्कल एका मापाचं. माझी एक लेन्स ६७ मिमीची, दुसरी ७७ ची. मग काय, दोन बक्कलं लावून फिरू?

माझं म्हणणं सरळ आहे. कॅप ही बॅगेची वस्तू. कॅमेरा बाहेर आला की कॅप बॅगेच्या एका ठरलेल्या कप्प्यात, आणि लेन्सवर हूड, म्हणजे पुढे बसवायची ती उघडी नळी. हूड आडवा उजेड अडवतं, भिंतीवर आपटलं तर मार स्वतः खातं, बोट काचेला लागू देत नाही आणि फोटो काढताना काढावं लागत नाही. काम संपलं की कॅप. मध्ये कधी हरवलीच तर त्या मापाची दुसरी मिळते. हुकलेला क्षण कुठे मिळतो ते ज्येष्ठांनी सांगावं.

रोलवाला

ते ज्येष्ठ सदस्य मीच. नाव घ्यायला हरकत नव्हती, ताई.

हूडला पुढून भलंमोठं भोक असतं हे आपल्या नजरेतून सुटलेलं दिसतं. चिखल, समुद्राचे तुषार, लहान मुलाचं बोट, सगळं तिथूनच आत येतं. आणि ऊन? कापडी शटर-पडद्याचे रेंजफाइंडर (लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचे जुने कॅमेरे) वापरलेल्या कुणालाही विचारा. कॅमेरा गळ्यात, लेन्स आभाळाकडे, सूर्य नेमका पडद्यावर फोकस. टाचणीएवढं भोक पडतं आणि मग प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका. माझ्या थोरल्या भावाच्या कॅमेऱ्याचं असंच झालं होतं. तेव्हापासून आमच्या घरात कॅप म्हणजे कॅप.

खिशातल्या कचऱ्याचं म्हणाल तर डावा खिसा फक्त कॅपसाठी ठेवायचा. रुमाल नाही, किल्ल्या नाहीत. इतकंही जमत नसेल तर मी मोबाइलबद्दल लिहिलं त्यात चूक काय?

गवतात_बसलेला

रोलवाला काका, हलके घ्या, पण रेंजफाइंडरच्या खिडकीतून लेन्सवरची कॅप दिसतच नाही, म्हणून कॅप न काढता रोल संपवणारेही तुमच्याच पिढीतले ना? शिस्तीने कॅप लावायची आणि शिस्तीने काळे फोटो धुवून आणायचे!

पक्ष्यांच्या बाबतीत धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत. खंड्या सूर मारतो तेव्हा कॅपवाल्यांना फक्त पाण्यावरची वलयं मिळतात.

पारदर्शक

एवढी चर्चा कशासाठी चाललीय तेच कळत नाही. चांगला यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी काच) घ्या, कायमचा लावून टाका, विषय संपला. ओरखडा पडला तर फिल्टरवर. माझ्या सगळ्या लेन्सवर आहे. कॅपचा मला तसाही वैतागच, कितीही नीट बसवा, बॅगेत सुटलेलीच सापडते. कंपन्या कॅपच्या नावाखाली हल्ली काहीही खपवतात.

काळोखपूजक

झालं. यूव्ही आला.

पारदर्शक, फिल्मला अतिनील किरण कळायचे, म्हणून डोंगरातले फोटो निळसर धुरकट यायचे आणि तिथे त्या फिल्टरचा उपयोग होता. डिजिटल सेन्सरच्या पुढे ते किरण अडवणारी काच मुळातच बसवलेली असते. म्हणजे तुम्ही आधीच केलेलं काम पुन्हा करायला एक सपाट काच लावून ठेवली आहे. रात्री रस्त्यावरचे दिवे टिपा, चौकटीत समोरच्या बाजूला त्याच दिव्यांची हिरवट भुतं दिसतील. उजेड सेन्सरवरून उलटा जातो, त्या सपाट काचेवर आपटतो आणि परत येतो.

आणि कॅपला कमी लेखू नका. ताऱ्यांचे फोटो काढून झाले की त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला), तेवढ्याच वेळाचे, कॅप लावून काळे फोटो घ्यावे लागतात. त्यात सेन्सरचे तापलेले ठिपके येतात, ते नंतर मूळ फोटोतून वजा करायचे. माझी कॅप हरवली तर माझं काम अडतं. तेव्हा 'हरवली तर हरवली' हे नाटकवाल्यांपुरतं ठेवा.

पारदर्शक

भुतं स्वस्त फिल्टरमध्ये दिसतात. नीट कोटिंगवाला घेतला तर काही होत नाही. माझी लेन्स जिन्यावरून घरंगळली, फिल्टरचा चुरा झाला, लेन्सवर ओरखडा नाही. याउपर कुठला पुरावा पाहिजे?

एफ_आठ

यातून फक्त फिल्टर फुटला एवढंच सिद्ध होतं. फिल्टरची काच पातळ, ती लगेच फुटते. लेन्सची पुढची काच जाडजूड असते. चुरा झाला म्हणजे लेन्स वाचली, हा निष्कर्ष कुठून काढलात? माझ्या बहिणीच्या लेन्सवर फिल्टर होता म्हणूनच ओरखडे पडले, फुटलेल्या तुकड्यांनी काच खरवडली. कडं वाकून आट्यांत असं रुतलं की दुरुस्तीवाल्याला कापून काढावं लागलं.

आणि पुढच्या काचेवर बारीक ओरखडा असला तरी फोटोत तो सहसा कळतही नाही, कारण ती काच फोकसच्या आसपासही नसते. जपायची तर मागची काच जपा. मागच्या कॅपबद्दल इथे कुणी चकार शब्द काढलेला नाही! तिच्यातली धूळ सेन्सरवर जाते आणि मग सगळ्या निळ्या आभाळावर डाग. लोक ती काढून बॅगेत उताणी टाकतात, आत सगळा गाळ गोळा होतो आणि तीच लेन्सला चढवतात. लेन्स बदलताना दोन मागच्या कॅपा एकमेकींत फिरवून बंद करून ठेवायला काय होतं?

पारदर्शक

बहिणीचा फिल्टर कुठला होता ते सांगा, मग बोलू. फुटपाथवरचा असणार.

एफ_आठ

तुमची लेन्स पडली तर पुरावा, माझ्या बहिणीची पडली तर फुटपाथ. छान!

पारदर्शक

वैयक्तिक होऊ नका. काही महागड्या, पाणीरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या लेन्सच्या माहितीपत्रकात कॅननच सांगतं की पुढे फिल्टर लावल्याशिवाय ते आवरण पूर्ण होत नाही. त्यांनाही अक्कल शिकवणार का?

काळोखपूजक

काही मोजक्या लेन्स. तुमच्याकडे त्यातली एक तरी आहे का? नसेल तर पाऊस त्यांच्या लेन्सवर आणि छत्री तुमच्या हातात, असं चाललंय.

पारदर्शक

माझ्याकडे काय आहे ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.

रिकामी_खुर्ची

भांडण रंगलंय म्हणून थोडं अवांतर. कॅपने सर्वांत मोठा घोळ घातलाय तो शुक्रावर. सोव्हिएत यानं व्हेनेरा ९ आणि १० तिथे १९७५ मध्ये उतरली, दोन्हींवर दोन-दोन कॅमेरे, आणि दोन्हींवर एकेका कॅमेऱ्याची कॅप सुटलीच नाही. अर्ध्याच परिसराचे फोटो मिळाले. १९७८ मध्ये व्हेनेरा ११ आणि १२ गेले, तिथे तर एकही कॅप निघाली नाही. फोटो शून्य. १९८२ मध्ये व्हेनेरा १४ च्या कॅपा व्यवस्थित उडाल्या, पण त्यातली एक नेमकी अशा जागी पडली की जमिनीचा टणकपणा मोजायला पुढे झालेला दांडा तिच्यावरच टेकला. शुक्राची जमीन मोजायला गेले आणि मोजली कॅप.

रोलवाला काकांच्या शिस्तीत हे बसतं का?

रोलवाला

बसतं. कॅप निघाली नाही हा बनवणाऱ्यांचा दोष, लावणाऱ्यांचा नाही. त्या कॅपांशिवाय ते भिंग शुक्राच्या हवेतून खाली येईपर्यंत शाबूत राहिलं असतं का, हेही विचारा.

गवतात_बसलेला

काका हरत नाहीत. दंडवत.

जुनी_बॅग

फिल्टरचं भांडण कुठेतरी दुसरीकडे न्या की. मला कॅपबद्दलच बोलायचंय. जुन्या लेन्स विकत घेते, त्यातल्या बऱ्याचशा कॅपांना चिमटे दोन्ही कडांना असतात. हूड लावलं की बोटं आत जात नाहीत, नखांनी उचकटावी लागते. मध्यभागी चिमटा असलेल्या कॅपा आल्यापासून हूड न काढता कॅप लावता येते. तेव्हा तिरपी_चौकट, तुझं हूडप्रेम बरोबर, पण त्यासाठी कॅप लावायलाच नको हे पटत नाही. मधल्या चिमट्याची घे. दोन सेकंदांचं काम आहे. नाटकात जमत नसेल, पण मध्यंतर असतं ना?

तिरपी_चौकट

मध्यंतरात मी लावते हो ताई. माझा राग 'प्रत्येक फोटोनंतर'वर आहे. आणि उन्हाबद्दल काकांनी सांगितलं ते कापडी पडद्याचं, ते कॅमेरे आता किती जण वापरतात? आमच्या कॅमेऱ्यांना तो प्रश्न नाही.

एफ_आठ

इथे मात्र मी काकांच्या बाजूने. आरशाच्या कॅमेऱ्यात निदान आरसा मध्ये असतो. मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत, बऱ्याच मॉडेलांत कॅमेरा बंद केला तरी सेन्सर उघडाच. टेलिलेन्स (लांबचं जवळ आणणारी), ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं, आणि समोर सूर्य असा कॅमेरा टेबलावर ठेवून माणूस गप्पा मारायला गेला की संपलं. २०१७ मध्ये अमेरिकेत सूर्यग्रहण झालं, त्यानंतर भाड्याने दिलेल्या लेन्सच्या ॲपर्चरची पाती वितळलेली सापडली होती. हूड याला काही करू शकत नाही, उलट सूर्यासमोर ते नुसती नळी आहे.

रोलवाला

ऐका ऐका. आता माझं वय काढू नका.

तिरपी_चौकट

बरं बाबा. उन्हात कॅमेरा खाली ठेवताना कॅप लावायची. मान्य. मी रंगमंचावर काम करते, तिथे सूर्य फार उगवत नाही, पण तुमच्या समाधानासाठी मान्य. आता तुम्हीही एक कबूल करा: प्रत्येक फोटोनंतर नाही.

रोलवाला

'कॅमेरा हातातून खाली जाईल तेव्हा' असं वाचावं. मूळ वाक्य मी बदलणार नाही, तिथे +१ मिळालेत.

पारदर्शक

म्हणजे शेवटी सगळे फिरून तिथेच आले, सारखी काढा आणि लावा. यूव्ही लावला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

काळोखपूजक

यूव्हीने ऊन अडत नाही, साहेब. पारदर्शक असतो तो.

जुनी_बॅग

पारदर्शक, एक विचारते, रागावू नका. तुमचे फिल्टर पातळ कड्याचे आहेत का? वाइड लेन्सच्या कोपऱ्यात काळं येऊ नये म्हणून घेतात ते?

पारदर्शक

हो. सगळे स्लिम. का?

जुनी_बॅग

त्यातल्या बऱ्याच कड्यांना पुढच्या बाजूला आटेच नसतात. चिमट्याची कॅप आट्यांना धरते. तुमची कॅप कशालाच धरत नाही, म्हणून बॅगेत सुटते. त्या फिल्टरसोबत वरून दाबून बसवायची वेगळी कॅप येते कधी कधी. तुम्ही ती डब्यातच ठेवली असणार.

एफ_आठ

आणि दोष कॅप बनवणाऱ्या कंपन्यांचा!

पारदर्शक

डबा शोधतो. फिल्टर काढणार नाही.