दीड लाख कार्बनवर घालू की आहे त्याच सायकलवर बीआरएम आणि रेस करू?

कोथरूडचा_पेडलवाला:

नमस्कार मंडळी, वय 38, आयटीत नोकरी, अल्युमिनियमची रोडबाइक आहे, गिअर शिमानो सोरा 9 स्पीड, पुढे 50-34 आणि मागे 11-28 दात्यांची चक्रं, टायर 25 मिलीमीटरचे. आठवड्यात दोनदा सकाळी कात्रज नाहीतर बोपदेव, रविवारी सिंहगड किंवा खंबाटकीपर्यंत जाऊन परत. डिसेंबरमधे 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीच आहे आणि त्यानंतर कधीतरी मुंबई-पुणे रेस. लहानपणी बाबांबरोबर रस्त्याकडेला उभं राहून ती रेस बघितलीय, बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

अडचण अशी की सिंहगडला कोंढणपूर फाट्याच्या पुढे कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) पार 45-50 वर येतो आणि घरी आल्यावर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. ग्रुपमधले सगळे म्हणतात कार्बन घे, चढ आपोआप सोपा होईल. दीड लाख साठवलेत. कार्बन घेऊ, व्हील्स घेऊ की पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र)? आणि नोकरी सांभाळून ट्रेनिंग नेमकं कसं करायचं?

सह्याद्री_रँडोनर:

भाऊ, पैसे बँकेत राहू दे. तुझा प्रॉब्लेम वजनाचा नाही, गिअरचा आहे. पुढे 34 मागे 28 वर 60 कॅडन्स धरला तरी ताशी नऊच्या वर स्पीड लागतो, आणि कोंढणपूर फाट्याच्या पुढे तेवढा स्पीड टिकवायला पाय तसे तयार लागतात. नाही टिकला की कॅडन्स पडतो आणि सगळा जोर गुडघ्यावर येतो. मागे 11-34 ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) टाक, म्हणजे तेवढ्याच स्पीडला कॅडन्स सत्तरच्या पुढे राहतो. कार्बन फ्रेमच्या मानाने हा खर्च काहीच नाही. आणि गुडघा पुढून दुखतोय म्हणजे सीट खाली असण्याची शक्यता बरीच आहे, ती पाच-पाच मिलीमीटरने वर घेत बघ, एकदम दोन सेंटीमीटर चढवू नकोस.

बीआरएम ही रेस नाही हे आधी डोक्यात पक्कं कर. 200 ला साडेतेरा तास असतात, थांबणं, जेवण, पंक्चर सगळं त्यातच. चालतानाचा 22 चा अ‍ॅव्हरेज ठेवलास तर नऊ तासात सायकलिंग संपतं आणि हाताशी चार तासांच्या वर उरतात. लोक अडकतात ते कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर) मिसळ मागवून गप्पा मारत बसल्यामुळे. सकाळी सहाचा स्टार्ट असेल तर कटऑफ संध्याकाळी साडेसातला, डिसेंबरात सहालाच अंधार पडतो, म्हणून पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट बरोबर हवंच.

टायरवर मात्र खर्च कर. ब्रेकमधे जागा असेल तर 28 चे टाक आणि 100-110 पीएसआय हवा भरायची सवय सोड, 75 किलोच्या माणसाला 28 वर 75 च्या आसपास पुरतं, खराब रस्त्यावर हात बधिर होणं पण कमी होतं. सातारा रोडला शोल्डरवर ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या, टायरमधे घुसल्या की वरून दिसतही नाहीत. नुसती ट्यूब बदलून निघालास तर दोन किलोमीटरवर परत पंक्चर. टायर आतून हळूच बोटाने चाचपायचा, तार लागली की चिमट्याने ओढून काढायची, तो चिमटा सॅडल बॅगमधे असलाच पाहिजे.

पेलोटॉन_पुणे:

रँडोनर दादांशी सहमत, फक्त रेसचं गणित वेगळं आहे. वजनाचं सांगतो, तू आणि सायकल मिळून 84 किलो धरलं आणि कार्बनने दीड किलो वाचवलं तर पावणेदोन टक्के झाले, म्हणजे 50 मिनिटांच्या चढाला जेमतेम एक मिनिट. प्रो लोकांसाठी ते मिनिट म्हणजे सगळं काही, पण त्यांनाही यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची) सायकलच्या वजनाला 6.8 किलोची खालची मर्यादा आहेच.

मुंबई-पुण्याला घाट येईपर्यंत सगळा खेळ बंचमधे (एकत्र जाणाऱ्या घोळक्यात) टिकण्याचा असतो. पुढच्याच्या चाकामागे नीट बसलास तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, आणि एकदा सुटलास की मग एकट्याने वारा कापत बसायचं, ते जमत नाही. म्हणून ग्रुप राइडमधे लाइन धरून चालवायला शीक, अचानक ब्रेक नको, खड्डा आला की हात दाखव आणि ओरड. घाटाच्या पायथ्याला बंचच्या पुढच्या भागात असायचं, म्हणजे चढावर थोडा मागे सरकलास तरी ग्रुप सुटत नाही.

ट्रेनिंगबद्दल माझं मत ठाम आहे. दर वेळी कात्रजला जीव काढून चढतोस ना, ते बंद कर. आठवड्यात एक दिवस आठ-आठ मिनिटांचे चार जोरदार इंटर्व्हल, मधे चार मिनिटं निवांत, बाकी सगळं इतकं सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. पॉवर मीटर छान गोष्ट आहे पण आत्ता हार्टरेट बेल्टवर भागतं.

गोदाकाठची_सायकलस्वार:

खाण्याबद्दल कुणीच बोललं नाही!! तासाला 50-60 ग्रॅम कार्ब पोटात गेलेच पाहिजेत, भूक लागायची वाट बघायची नाही. मी दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकते, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं, आणि एका बाटलीत कायम ओआरएस. परदेशी जेलच्या पाकिटांवर पैसे घालायची गरज नाही, आणि नवीन काही असेल तर ते इव्हेंटच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका.

आमच्या नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू 2015 ला दोघांची टीम करून रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण करून आले, भारतातली पहिली टीम, दोघंही आपापली प्रॅक्टिस सांभाळून तयारी करणारे. त्यामुळे नोकरी आहे म्हणून जमणार नाही असं अजिबात मनात आणू नका. 200 झाली की त्याच सीझनला 300, 400, 600 करून एसआर (सुपर रँडोनर हा किताब) पूर्ण करा, मग पुणे-गोवा डेक्कन क्लिफहँगरचे 643 किलोमीटर टीममधून करून बघा. मला तर घाटाचा राजापेक्षा हे जास्त ओढ लावतं, पण ज्याची त्याची आवड.

कोथरूडचा_पेडलवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, कार्बन कॅन्सल. ताई, राजगिऱ्याचे लाडू आजच आणतो. एकच शंका, दुकानवाला म्हणतो तुमच्या मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) 34 बसणार नाही, खरंय का?

सह्याद्री_रँडोनर:

शॉर्ट केज (डिरेलरचा खालचा हात आखूड) असेल तर त्याचं बरोबर आहे. डिरेलरच्या दोन छोट्या चाकांच्या मधलं अंतर मोज, पाच-साडेपाच सेंटीमीटर भरलं तर शॉर्ट, सातच्या पुढे असेल तर 34 ला चालणारा. शॉर्ट निघाला तर सोराचाच जीएस, म्हणजे जास्त लांब केजचा, घे. आणि नवीन कॅसेट लावल्यावर दुकानातच स्टँडवर पुढे 50 आणि मागे 34 वर चेन हळूच टाकून बघायला सांग, तिथे ती एकदम ताणली जात असेल तर लांब चेन लागेल. हे न बघता निघालास आणि घाटात चुकून तो गिअर पडला तर डिरेलर हँगरसकट (फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट) उखडून येतो.