स्विंग : फटका, टोला की वार?

फोंड्याहून, शारीरिक शिक्षणाची शिक्षिका :
शाळेत मुलींचा सॉफ्टबॉल आहेच, यंदा मुलग्यांचा बेसबॉलही सुरू केला. दोघांसाठी मिळून भिंतीवर लावायला मराठीतून एक तक्ता करते आहे. चेंडू मारायला बॅट फिरवतात, त्याला मैदानावर आम्ही सरळ 'स्विंग' म्हणतो. मुली तर 'टीचर, म्हजो स्विंग लेट जाता' म्हणून मोकळ्या होतात. पण कागदावर 'स्विंग' लिहिले की क्रिकेटवेड्या पोरांना हवेत वळणारा चेंडू आठवतो, आणि तो अर्थ इतका रुळलाय की पुसता येणार नाही. मराठीत काय लिहावे?

म्हापशाहून :
'फटका' काय वाईट आहे? कट, पूल, हुक, सगळ्यांना आपण फटकेच म्हणतो. सोपे आहे ते अवघड कशाला करायचे?

डिचोलीहून, निवृत्त मराठी शिक्षक :
फटका लागावा लागतो, बाब. वर्तमानपत्रात 'उंच फटका मारण्याच्या प्रयत्नात त्रिफळाचीत' असे छापतात ते उगाच नाही. चेंडू बॅटला लागला नाही की फटका नुसता प्रयत्न म्हणून उरतो. 'टोला'चे तर त्याहून कडक. विटी उडाली तरच टोला, नाहीतर हात हवेत. बेसबॉलमध्ये मात्र हवेत गेलेल्या बॅटीचाही हिशोब लागतो. चेंडू कितीही बाहेर असो, फलंदाजाने बॅट फिरवली आणि हुकला की स्ट्राइक, म्हणजे त्याच्या नावावर एक चूक. म्हणजे चेंडू लागो न लागो, त्या हालचालीला स्वतःचे नाव हवे.

पेडण्याहून :
मग 'वार' घ्या. वार हुकतो, वार चुकवता येतो, वार वाया जातो, तरी तो वारच. आणि बॅट अर्ध्यात आवरली तर 'हूल'. त्याला दुसरा शब्द शोधायलाच नको.

म्हापशाहून :
'आठवीच्या विद्यार्थिनीचा बॅटने वार.' टीचर, तक्त्यावर हे लावलेत तर पालकसभा दुसऱ्याच दिवशी घ्यावी लागेल.

मडगावहून, दोन्ही खेळांचा प्रशिक्षक :
'हूल' मला फार आवडला. मैदानावर वापरून बघणार आहे. 'वार'चे म्हापशाच्या भाईंनी केले ते बरेच केले.

शब्द ठरवताना तक्त्यावर काय काय बसवायचे आहे तेही बघूया. सॉफ्टबॉलचा स्विंग म्हणजे बेसबॉलचा लहान, सौम्य भाऊ अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती शब्दांतून आणखी घट्ट होऊ नये असे वाटते.

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, तेही १० इंच उंच केलेल्या मातीच्या उंचवट्यावरून आणि खांद्याच्या वरून हात आणून. सॉफ्टबॉलमध्ये महिलांसाठी अंतर ४३ फूट, जमीन सपाट, आणि चेंडू हातातून सुटतो तो कमरेपाशी. (मी फास्टपिचचे बोलतोय. संथ, उंच कमानीत टाकलेल्या स्लोपिचचा मामला वेगळा.) बेसबॉलचा ताशी १५० किलोमीटरचा चेंडू आणि सॉफ्टबॉलचा ताशी १०५ किलोमीटरचा चेंडू, पिचरचे पुढे पडणारे पाऊल धरून हिशोब केला तर दोन्ही फलंदाजापर्यंत साधारण ०.४ सेकंदांतच पोचतात. वेगाचा आकडा कमी म्हणून वेळ जास्त मिळतो, असे काही नाही.

अंग दोन्हीकडे एकाच क्रमाने चालते. भार मागच्या पायावर, पुढचे पाऊल टेकले की कंबर फिरते, तिच्यामागून छाती-खांदे, मग हात, आणि मनगटे सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की दोन्ही खेळांत बॅटीतला जोर जातो. फरक पडतो तो बॅट कुठल्या वाटेने चेंडूवर येते त्यात. बेसबॉलचा चेंडू उंचावरून उतरत येतो. त्याच्या रेषेत बॅट जास्त वेळ राहावी म्हणून ती किंचित चढती हवी. बेसबॉलचा नामांकित फलंदाज टेड विल्यम्स हेच सांगायचा, आणि १९४१ साली .४०६ सरासरी (म्हणजे दहांतल्या चार वेळा यशस्वी फटका) काढलेल्या माणसाचे ऐकायला हरकत नसावी. सॉफ्टबॉलचा चेंडू खालून सुटतो, त्यामुळे त्याची वाट पुष्कळ सपाट. राइजबॉल तर छातीपाशी येईपर्यंत चढताच राहतो. तिथे चढती बॅट नेली की ती चेंडूखालून निघून जाते. म्हणून बॅट सपाट, हात अंगाजवळ. खाली बुडणारा ड्रॉपबॉल आला की मात्र पुन्हा थोडी चढती वाट लागते. 'मुलींनी वरून खाली कुऱ्हाड घालावी' असे जुने प्रशिक्षक सर्रास शिकवायचे, ते मला कधीच पटले नाही. त्याने चेंडू जमिनीत जातो, दुसरे काही होत नाही.

२००४ साली एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरने बेसबॉलचा नावाजलेला फलंदाज अल्बर्ट पुहोल्स याला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले होते. पुहोल्सच्या ताकदीत काय कमी होते? वर्षानुवर्षे खांद्यावरून सुटणारा चेंडू वाचलेले डोळे, समोर कमरेपासून सुटणारा.

डिचोलीहून :
म्हणजे 'चढती बॅट' आणि 'सपाट बॅट' हे दोन शब्द तुमच्याच लिहिण्यातून आले की. तक्त्याला याहून बरे काय मिळणार?

पेडण्याहून :
'सपाट' ठीक. 'आडवी' मात्र नको. क्रिकेटमध्ये 'आडव्या बॅटने खेळला' ही शिवी आहे.

मडगावहून :
अगदी खरे. टेनिस बॉलवर वाढलेली मुले आमच्याकडे येतात, त्यांना पहिले काही दिवस बॅट आडवी धरायचीच लाज वाटते. बेसबॉलमध्ये सरळ बॅट नसतेच, हे गळी उतरायला वेळ लागतो.

बॅटचाही फरक तक्त्यात घाला. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, १२ इंच परिघाचा, १७८ ते १९८ ग्रॅम. बेसबॉलचा जेमतेम ९ इंचांचा आणि दीडशे ग्रॅमच्या आतला. बॅटीचे उलटे. सॉफ्टबॉलच्या बॅटीची जाडी २.२५ इंचांच्या पुढे जात नाही, बेसबॉलची लाकडी बॅट २.६१ इंचांपर्यंत चालते आणि वजनालाही जड असते. हलकी बॅट आवरायला सोपी, म्हणून सॉफ्टबॉलमधली हूलही उशिरापर्यंत देता येते.

फोंड्याहून :
देव बरें करूं, सर. आणखी एक. डावखुऱ्या मुली धावता धावता चेंडूला नुसता स्पर्श करतात, तो 'स्लॅप'. त्याला काय लिहू?

मडगावहून :
पहिला बेस ६० फुटांवर असतो, बेसबॉलसारखा ९० फुटांवर नाही, म्हणून ती युक्ती चालते. बॅट चेंडूवर येते तेव्हा पाय आधीच निघालेले असतात. त्यात कंबर पूर्ण फिरवायला वेळच नसतो. तो स्विंगच्या तक्त्यात एका कोपऱ्यात वेगळा दाखवा.

डिचोलीहून :
'चापट' लिहा. चेंडूला चापट मारून पळाली. पोरींना समजावून सांगावे लागणार नाही.

म्हापशाहून :
हा शब्द मला मान्य. पहिल्यांदाच.

फोंड्याहून :
तर असे लिहिते : वर शीर्षक 'बॅट कशी फिरवावी'. नाम करायच्या भानगडीत पडत नाही, क्रियापदच ठेवते. खाली 'बेसबॉल : बॅट किंचित चढती', 'सॉफ्टबॉल : बॅट सपाट, हात अंगाजवळ', आणि दोन्हींच्या मधोमध 'आधी कंबर, मग हात'. हूल आणि चापट कोपऱ्यात. मैदानावर स्विंग म्हणायचे ते म्हणूच.

डिचोलीहून :
सॉफ्टबॉलपुढे कंसात 'ड्रॉपबॉल सोडून' घाला, बाय. नाहीतर मडगावचे सर तक्ता काढायला लावतील.