एलटीओ टेपांवर पांढरे ठिपके, लावू की नको?

कुडाळचा_कॅमेरा
नमस्कार मंडळी. २०११ ते २०१४ मध्ये जत्रांतली दशावतारी नाटकं रात्र रात्र जागून चित्रित केली. ते सगळं मूळ चित्रीकरण ३८ एलटीओ-५ टेपांवर (संगणकाचा डेटा साठवायच्या चुंबकीय टेपा, पाचवी पिढी) आहे आणि दुसरी प्रत नाही. टेपा लोखंडी कपाटात वरच्या खणात, एकावर एक आडव्या रचलेल्या. सोबत डांबराच्या गोळ्या. गणपतीनंतर कपाट उघडलं तर कुबट वास, आणि तीन डब्यांवर पांढरे ठिपके. शेजारी म्हणतात, तांदळाच्या डब्यात पुरून ठेव. एका मित्राकडे या टेपा वाचणारं यंत्र, म्हणजे ड्राइव्ह आहे, उद्या तिथे लावून बघायचा विचार आहे. त्यातले दोन कलाकार आता हयात नाहीत, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

रात्रपाळी
उद्या लावू नका, हे पहिलं. बुरशी आतल्या फितीवर असेल तर ती ड्राइव्हच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर बसेल, आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपेवर जाईल.

मी २२ वर्षं एका बँकेची टेपांची खोली सांभाळली, बरीचशी रात्रपाळीतच. तुमच्या टेपा कशा तपासायच्या ते सांगतो. हात धुऊन कोरडे करा. टेबलावर स्वच्छ कापड पसरा. ठिपक्यांच्या तीन टेपा आधी वेगळ्या खोलीत न्या. डबा उघडून कार्ट्रिज हातात घ्या, एका कोपऱ्यावर सरकणारं छोटं झाकण असतं, ते बोटाने हलकेच मागे सरका. आत धातूची छोटी पिन दिसेल, फितीचं टोक तिलाच बांधलेलं असतं. ड्राइव्ह हीच पिन पकडून फीत ओढतो. पिन दोन्ही बाजूंनी आपल्या खाचेत सरळ बसलेली हवी. मग मोबाइलचा उजेड तिरका धरून गुंडाळीची कड बघा. ती गुळगुळीत, एकसारखी काळसर दिसली पाहिजे. पांढरी जाळी किंवा भुकटी दिसली तर ती टेप बाजूला ठेवा, ते काम टेप दुरुस्त करणाऱ्या जाणकारांचं. फितीला बोट लावू नका. एलटीओ-५ ची फीत अर्धा इंच रुंद आणि ८४६ मीटर लांब असते, त्या अर्ध्या इंचात माहितीच्या १२८० बारीक रेषा (ट्रॅक).

पिनेबद्दल इतकं सांगतोय कारण आमच्याकडे एका मुलाच्या हातून टेप पडली आणि त्याने ती तशीच ड्राइव्हमध्ये सरकवली. पिन निसटलेली होती. रात्री अडीचला ड्राइव्ह उघडून फितीचे तुकडे चिमट्याने काढले. पडलेली टेप तपासल्याशिवाय लावायची नाही, हा नियम त्या रात्रीपासून भिंतीवर लागला.

तांदूळ नकोत, पूड आणि किडे आत जातील. डांबराच्या गोळ्याही काढा, रसायनाची वाफ टेपेशेजारी नको. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. जेलने रंग बदलला की बदला. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. टेपा आडव्या नाही, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आणि गार खोलीतून आणलेली टेप लगेच लावू नका, २४ तास ड्राइव्हच्याच खोलीत राहू द्या.

सुधा_बेळगाव
पाठवायच्या झाल्या तर प्रत्येक टेप आपापल्या डब्यात, भोवती जाड फोम. विमानतळावरच्या एक्स-रेने चुंबकीय टेपेला काही होत नाही. आणि कोणी डिगॉसरने (चुंबकाने टेप पुसणारं यंत्र) टेप पुसून देतो म्हणाला तर देऊ नका, ड्राइव्हला फितीवर वाट दाखवणाऱ्या, कारखान्यात लिहिलेल्या सर्व्हो खुणा जातात आणि एलटीओ कायमची बाद होते.

कुडाळचा_कॅमेरा
काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. दोन टेपांच्या कडेला पांढरी जाळी आहे, त्या वेगळ्या बांधल्या. तिसरीचे ठिपके फक्त डब्यावर होते, ते कोरड्या कापडाने पुसले. बाकी ३५ स्वच्छ, पिना सरळ. कपाटातलं मीटर ८१ टक्के आर्द्रता दाखवतंय! आणि मित्राचा ड्राइव्ह एलटीओ-८ निघाला.

रात्रपाळी
मग त्यात तुमच्या टेपा वाचल्याच जाणार नाहीत. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचे, आठव्याने ते बंद केलं, तो फक्त सात आणि आठ वाचतो. एलटीओ-५, ६ किंवा ७ चा ड्राइव्ह शोधा. मुंबईत चित्रपटांच्या पोस्ट-प्रॉडक्शनवाल्यांकडे भाड्याने मिळेल. पण फार थांबू नका, हे जुने ड्राइव्ह दर वर्षी कमी होत चाललेत. बुरशीपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

एक भरलेली टेप पूर्ण वाचायला तीन तास धरा. आधी हार्ड डिस्कवर उतरवा, मग मित्राच्या ड्राइव्हवर एलटीओ-८ मध्ये दोन प्रती. ३८ टेपा अगदी भरलेल्या असल्या तरी टेपेला दीड टेराबाइटच्या हिशोबाने ५७ टेराबाइट होतात, एलटीओ-८ च्या एका कार्ट्रिजमध्ये १२ मावतात, म्हणजे एका प्रतीला पाच कार्ट्रिज. दुसरी प्रत कुडाळबाहेर ठेवा.

स्वच्छ टेपांमध्ये त्या दोन कलाकारांच्या असतील, तर सुरुवात त्यांच्यापासून करा.