मदत हवी आहे: .३२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर?

राम राम भाऊ लोक, सावद्याकडे केळीचा व्यापार आहे, सीझनमध्ये कॅश घेऊन रात्री-बेरात्री फिरावं लागतं, स्वसंरक्षणासाठी लायसन्स मंजूर झालंय आणि खरेदीची मुदत चालू आहे. मनात ग्लॉक १९ पिस्तूल होतं, पॉलिमर फ्रेम, रिकामं ६०० ग्रॅमच्या आसपास, १५ राउंड, पण ते ९ एमएम म्हणजे आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर (साध्या लायसन्सवर मिळत नाही), त्यामुळे तो विषय बंद, कृपया तेच सुचवू नका. (वरणगावची काडतुसांची सरकारी फॅक्टरी एवढी जवळ, तरी आपल्याला .३२ वरच भागवायचं!)

डीलरकडे अशनी (सरकारी फॅक्टरीचं .३२ पिस्तूल) आणि सहा राउंडचं .३२ रिव्हॉल्व्हर दोन्ही हातात घेऊन पाहिलं, चालवून बघता आलं नाही. डीलर पिस्तूलच घ्या म्हणतो, पण त्याला स्टॉक काढायचा असेल ना. व्हिडिओ बघून तर डोकं अजूनच फिरलं, त्यात सगळे तिकडचे अमेरिकेतले.

जुनं वापरलेलं नकोय, बजेटची अडचण नाही. घरात लहान पोरं आहेत, लॉकर आहे.

ज्यांच्याकडे ही दोन्हीपैकी काही आहे त्यांनीच सांगा, अशनीत काडतूस अडकतं का, आणि उन्हाळ्यात शर्टाखाली दिवसभर कोणतं बाळगता येतं?